लोणच्याच्या दोन दांड्या

माझ्या बायकोनं जन्मात कविता केली नाही. मेल्यावर मात्र ती संत झाली, अन् त्याला जबाबदार मी आहे.

सुभद्रा गेल्या जेठात गेली. जाताना तिनं कोणाला त्रास दिला नाही. (त्याआधी मला पुष्कळ दिला, पण तो आमचा आपसातला मामला.) दवाखान्यात तिनं मला खाटेजवळ बोलावलं. मला वाटलं, आता पोराचं काही सांगते, नाही तर माझ्या बिडीबद्दल शेवटचं बोलून घेते. ती म्हणाली, "माह्या लोणच्याचं माप कोणी मांगतलं त लपवू नोका. सगळ्याईले देजा." बस, एवढंच. उभ्या जन्माचा संसार अन् शेवटचा शब्द लोणच्यावर!

आता त्या लोणच्याबद्दल सांगितलं पाहिजे. अकोल्यात आमच्या गल्लीतल्या बायांचा सुभद्रेवर राग होता तो याच लोणच्यावरून. कोणी माप विचारलं की ती म्हणे, "अंदाजानं टाकतो माय, माप कायचं?" साफ खोटं. अंदाज-बिंदाज काही नव्हता. मी बाजार समितीत मापारी होतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलायचा अन् चिठ्ठीवर वजन लिहायचं, हेच काम जन्मभर केलं. माझ्या घरात कोणती वस्तू अंदाजानं पडेल? लोणच्याच्या दिवशी ती पाटावर बसायची, अन् मी तिच्या माहेरच्या पितळी वाटीनं एकेक जिन्नस मापून परातीत टाकायचो. माप दोघांनाच ठाऊक. त्यातली एक गेली.

अन् बरणी तळाला लागली होती. तिच्या हातची शेवटची बरणी. आधी मी रोज एक फोड घ्यायचो, मग अर्धी, मग नुसता खार भाकरीला लावून खायचो. खार संपल्यावर काय, याचा विचार मी करत नव्हतो. बरणी तेवढी रोज जरा जास्त वाकडी करून ठेवत होतो.

तर वर्षश्राद्ध जवळ आलं. माझा मुलगा दिलीप अमरावतीला हापिसात आहे. तो म्हणाला, आईचा फोटो टाकून भजनांची पुस्तिका छापू, आलेल्या माणसांना वाटू, आजकाल सगळेच वाटतात. मी म्हटलं, वाट. पण लोक ती पुस्तिका घरी नेऊन कपाटावर टाकतात अन् वर पंख्याचा डबा ठेवतात. शेवटच्या पानावर लोणच्याचं माप टाक, म्हणजे बाया जपून ठेवतील.

"बाबा, श्राद्धाच्या पुस्तकात लोणचं?"

"तुही माय देवाले कमी अन् बरणीले जास्त भेटली. टाक."

त्यानं मान डोलावली. इथून घोळ सुरू झाला.

पहिला घोळ दिलीपचा. (माझी पाळी यायची आहे, घाई करू नका.) त्याला वाटलं, पाच-पाच किलोचं लोणचं आता कोण घालते? म्हणून त्यानं शहाणपणा करून सगळं माप एका किलोवर उतरवलं, अन् हापिसातल्या कॉम्प्युटरवर, त्या चौकटी-चौकटीच्या तक्त्यात टाइप केलं. अर्ध्यासाठी एक, तिरपी रेघ, दोन. तिसऱ्या हिश्श्यासाठी एक, तिरपी रेघ, तीन. पावासाठी एक, तिरपी रेघ, चार. तो कागद त्यानं मोठ्या हौसेनं मला आणून दाखवला. मी वाचला. मीठ, १ फेब्रुवारी. मोहरीची डाळ, १ मार्च. हिंग, १ एप्रिल.

मी विचारलं, हे लोणचं आहे का शाळेच्या सुट्ट्यांची यादी? तो कागदाकडे पाहून गोरामोरा झाला. म्हणाला, बाबा, एकाखाली दोन लिहिलं की कॉम्प्युटरला ती तारीख वाटते. मी म्हटलं, वा! म्हणजे मीठ टाकून फेब्रुवारीपासून बसायचं अन् हिंगासाठी एप्रिल उजाडायची वाट पाहायची. तोवर कैरी स्वतःच राम म्हणते.

दुसरा घोळ अमरावतीच्या छपाईवाल्या मॅडमचा. या खेपेला मी स्वतःच दिलीपबरोबर तिथं गेलो. मॅडम हुशार. त्यांच्या कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावायचं वेगळं सॉफ्टवेअर होतं, अन् त्यात अर्ध्याचं तयार चिन्ह. वर इवलासा एक, मधे रेघ, खाली इवलासा दोन. पडद्यावर पाहिलं तर असं देखणं, की मी म्हटलं सुभद्रेला दाखवायला पाहिजे होतं. मग त्यांनी सगळ्या पानांना एकसारखा दिसावा म्हणून मराठीचा दुसरा फॉन्ट लावला, म्हणजे अक्षराचं वळण बदललं, अन् कागद बाहेर काढला. मीठ ऱ्ह. तिखट ऱ्ह. मोहरी ऱ्ह. जिथं जिथं अर्धा होता तिथं तिथं हा ऱ्ह येऊन बसलेला.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"काका, जुन्या मराठी फॉन्टमधे त्या चिन्हाच्या जागेवर दुसरं अक्षर बसवलेलं असतं. असं करू ना, आपण सरळ अक्षरात लिहू. अर्धी वाटी. दीड चमचा."

तुम्ही म्हणाल, किती सोपं. मलाही आता तसंच वाटते. पण तेव्हा माझ्यातला मापारी उठून बसला. मी म्हटलं, माप अक्षरात लिहितात का कधी? अक्षर कोणी कसंही वाचते. आकडा हा आकडा असतो, त्याच्यात खोट येत नाही. अन् भजनांसकट सगळे कागद मॅडमच्या हातून घेऊन मी अकोल्याची बस धरली. दिलीप बस स्टँडपर्यंत माझ्या मागं "बाबा, बाबा" करत आला. त्या दिवशी मॅडमचं ऐकलं असतं, तर आज माझी बायको साधी बाई राहिली असती.

तिसरा घोळ माझा. तो सगळ्यात मोठा, कारण तो मी विचार करून केला.

अकोल्यात रहीमभाईची छपाई आहे. त्याचे वडील बाजार समितीत यायचे, तेव्हापासूनची ओळख. स्वतः कॉम्प्युटरवर बसतो, लग्नपत्रिकांपासून भजनाच्या पुस्तकांपर्यंत सगळं छापतो. त्याच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. कोणतं चिन्ह पाहिजे असेल तर कोणते आकडे दाबायचे, ते त्यावर लिहिलेलं. ओम, स्वस्तिक, कलश, चाँद, सगळे एका रांगेत गुण्यागोविंदानं. मी विचारलं, याच्यात अर्धा आहे का? त्यानं तक्त्यावरून बोट फिरवलं. म्हणाला, या फॉन्टात नाही, चाचा.

"दांड्या हायेत?"

"उभ्या दांड्या? जितक्या म्हणसान तितक्या."

माझा जीव भांड्यात पडला. कारण आमच्या मापाऱ्यांच्या जुन्या लिखाणात अपूर्णांक दांड्यांनीच लिहितात. माझ्या बापानं मला तसंच शिकवलं, शाळा चौथीत सुटली पण दांड्या सुटल्या नाहीत. एक उभी दांडी म्हणजे पाव. दोन म्हणजे अर्धा. तीन म्हणजे पाऊण. एकापुढे दोन दांड्या मारल्या, १॥, की झाला दीड. दोनापुढे दोन, २॥, की अडीच. त्याला ना तारीख समजता येते ना त्याचा ऱ्ह होतो. मी म्हटलं, सारं जग येडं आहे, अक्कल आमच्या बापाजवळ होती.

तिथंच रहीमभाईच्या टेबलावर बसून मी कागद लिहिला. दिलीपचं एक किलोचं नाही, माझं मूळ माप. सुभद्रा जशी सांगायची तसे शब्द, अन् ओळीच्या शेवटी माप, जसं चिठ्ठीवर लिहितात:

कैरी घट्ट घ्यावी, पाडाची नसावी ५॥
मीठ जाडं घ्यावं, उन्हात तापवावं ३॥
मोहरीची डाळ हलकी भाजावी २॥

अशाच तिखट, हळद, मेथी, हिंगाच्या ओळी. शेवटी तेल. ते पूर्ण निवल्याशिवाय घालायचं नाही, हा तिचा कडक नियम होता, म्हणून मी लिहिलं, सुभद्रा म्हणे तेल निवता घालावं ४॥. कैरी किलोत, ओले-कोरडे जिन्नस वाटीनं, हळद-मेथी-हिंग चमच्यानं, हे काही मी लिहिलं नाही. मापारी तेवढं लिहीत नाही. ज्याला समजायचं त्याला समजते.

रहीमभाईनं कागद दोन्ही हातांनी घेतला. चाचीचं काम आहे म्हणाला. अन् बाकीची भजनं असलेल्या गठ्ठ्यात तो सगळ्यात शेवटी लावला.

"चाचा, देव-धरमाचं काम हाय. माह्याकडून एक दांडी इकडची तिकडं नाई होनार."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी त्याच्यासाठी चहा मागवला. देव-धरम कुठून आला, हे विचारलं नाही.

पुढं त्यानं तपासायला छापील पान दिलं. आता हे नीट ऐका, कारण याच्यावरून घरात मला अजून बोलणी बसतात. मी पान डोळ्यांजवळ धरलं अन् उजव्या कडेवरून बोट वरून खाली नेलं. दांड्या पाहिल्या. दोन, दोन, दोन, सगळ्या सरळ, एकही मोडकी नाही. मी म्हटलं, फर्स्ट क्लास, मार छाप! आकडे पाहिले का, असं सगळे विचारतात. नाही पाहिले. अहो, बाजार समितीत आकडा कधीच चुकत नव्हता, चुकायची ती दांडी! सगळी भांडणं दांडीवरून व्हायची. म्हणून आम्ही दांडीच तपासतो.

पुस्तिका छापून आल्या. दिलीप गठ्ठा घ्यायला अकोल्याला आला, त्यानं शेवटचं पान उघडलं अन् उभ्या उभ्या वाचलं. वाचता वाचता त्याचे डोळे भरले. "बाबा," तो म्हणाला, "तुमी हे असं लिहान असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, दांड्या पाह्य, किती सरळ आल्या. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग तो माझ्या पाया पडला. मला वाटलं, पोराला उशिरा का होईना मापाऱ्याची किंमत कळली.

एक पुस्तिका मी पातूरला पाठवून दिली, बसच्या कंडक्टरजवळ. पातूरला माझी मोठी बहीण असते, आक्का. तिलाही बापानं दांड्या शिकवल्या होत्या. मी फोनवर सांगितलं, आक्का, वर्षश्राद्धाच्या पंगतीला सुभद्रेचं लोणचं पाहिजे, तू घालून आण. पुस्तकात आहे तसंच कर, कैरी किलोत, बाकी तुला समजतेच. मी स्वतः तपासलं आहे.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. आमच्या दारासमोर मांडव टाकला. सुभद्रेचं माहेर भातकुली, तिकडून तिचा चुलतभाऊ हरिभाऊ आपली भजनी मंडळी घेऊन आला. हरिभाऊ हेडमास्तर होऊन रिटायर झालेला. पेटी वाजवतो, गातो, अन् गाण्याच्या मधे थांबून अर्थ सांगतो. अर्थ तो कशाचाही सांगतो. एकदा त्यानं माझ्या छत्रीचा सांगितला होता.

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. ओळखीची भजनं झाली. मग हरिभाऊनं पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, आज आपल्याला कळते आहे की आपली सुभद्राताई कोण होती. अन् त्यानं पेटीवर सूर धरला. मृदंगावर थाप पडली.

कैरी घट्ट घ्यावी । पाडाची नसावी ॥१॥
मीठ जाडं घ्यावं । उन्हात तापवावं ॥२॥
मोहरीची डाळ । हलकी भाजावी ॥३॥

मला वाटलं, मला झोप लागली आहे. मांडवभर टाळ वाजत होते. बाया झुलत होत्या. ज्या बायांनी सुभद्रेला मापासाठी शिव्या दिल्या होत्या, त्याच डोळे मिटून "हलकी भाजावी, हलकी भाजावी" म्हणत होत्या. चौथं तिखट झालं, पाचवी हळद झाली, सहावी मेथी झाली.

हिंग शेवटास । हात आखडावा ॥७॥
सुभद्रा म्हणे तेल । निवता घालावं ॥८॥

"सुभद्रा म्हणे" आलं अन् मांडवात हुंदके फुटले. मी पुस्तिका ओढून घेतली. पहिल्यांदा आकडे पाहिले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ! शिस्तीत, शाळेच्या रांगेसारखे! माझे साडेपाच, साडेतीन, अडीच, सगळे गायब. दांड्या मात्र खरंच सरळ होत्या. उलट आकड्याच्या आधीही दोन जास्तीच्या मारल्या होत्या.

मी खुर्चीवरून उठलो. "हरिभाऊ, थांब. हे लोणचं हाय."

हरिभाऊनं पेटी थांबवली. माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. "लोणचंच हाय, जवाईबुवा. संसार म्हणजे दुसरं काय हाय?"

मांडव "वा" म्हणाला.

"अरे ते माप हाय. मोहरी तीन नाही, अडीच हाय."

"तीनच, जवाईबुवा. तीन म्हणजे त्रिगुण." अन् त्यानं अर्थ लावायला घेतला. कैरी म्हणजे जीव, घट्ट म्हणजे हट्टी. मीठ म्हणजे वैराग्य, ते उन्हात तापवल्याशिवाय उपयोगाचं नाही. हिंग म्हणजे अहंकार, म्हणून तिथं हात आखडता. तेल निवणं म्हणजे मन शांत होणं. सांगत होता आणि लोक रडत होते. मी परत म्हटलं, तेल साडेचार वाट्या. शेजारच्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं अन् पाण्याचा गिलास दिला. माझ्या मागं एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या.

याच्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मग पंगत बसली.

रोडगे होते, म्हणजे गोवरीच्या विस्तवात भाजलेले आमच्याकडचे कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरण. अन् हातात बरणी घेऊन वाढायला निघाली आमची आक्का. तिनं पहिली फोड मानानं हरिभाऊच्या पानात टाकली. हरिभाऊनं डोळे मिटून ती तोंडात घातली. ते डोळे बराच वेळ उघडले नाहीत. उघडले तेव्हा त्यातून पाणी येत होतं अन् नाकातूनही. पंगतीत एकेक माणूस खोकायला लागला. हिंगाचा असा भपका उठला की मांडवाबाहेरची कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत गेली. भजनानं जे रडले नव्हते तेही रडले.

मी आक्काला बाजूला घेतलं. "आक्का, हे काय केलं?"

"काय केलं म्हणजे? पुस्तकात हाय तसंच केलं. तूच त म्हणला, म्या सोता तपासलं."

"हिंग किती टाकला?"

"सातापुढं दोन दांड्या. साडेसात चमचे."

"अन् कैरी?"

"दीड किलो. मले बी कमीच वाटली. तेल साडेआठ वाट्या, कैऱ्या पोहून राहिल्या होत्या. पण म्हटलं सुभद्राच्या घरची रीत असंल."

"अन् आकड्याच्या आधीच्या दोन दांड्या?"

"त्या म्हटलं शोभेच्या असतीन. श्राद्धाचं पुस्तक हाय ना बापा."

म्हणजे पाहा. ज्यांना दांड्या समजत नव्हत्या त्यांनी माप गायलं, अन् अख्ख्या वऱ्हाडात जिला समजत होत्या त्या एकटीनं ते बरणीत घातलं.

पंगतीच्या टोकावरून हरिभाऊचा बसका आवाज आला. तो सांगत होता, घाबरू नका, हे ताईनं ठेवलेलं परीक्षेचं लोणचं आहे, अहंकार कसा झोंबतो ते पाहा. अन् काय सांगू, लोकांनी दुसरी फोड मागून घेतली!

मी तसाच रहीमभाईकडे गेलो. तो बिचारा घाबरला. माझा कागद काढून समोर ठेवला. म्हणाला, "चाचा, दोन दांड्या म्हंजे ओवी संपली, हेच आमाले म्हाईत. जिंदगीभर भजनं छापली. अन् नंबर तुमचे मागं-पुढं झाले होते. पाच, मंग तीन, मंग दोन-दोनदा. म्या म्हटलं, चाचा दुःखात हाय, याईले काय विचारायचं? म्या लावून दिले."

"पन लोणच्यावर भजन कोन लिहिते, रहीमभाई?"

"काहून? तुमच्या संताईनं जात्यावर लिहिलं, मडक्यावर लिहिलं, मळ्यातल्या भाजीवर लिहिलं. सगळं माह्याच हातून छापून गेलं. म्या म्हटलं चाचीनं लोणच्यावर लिहिलं असंल."

मी त्याचाच चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दिलीप हापिसासाठी अमरावतीला परत गेला, पण सूनबाई माझ्याजवळ राहायला थांबली. रेखा तिचं नाव. ती सहसा माझ्याशी वाद घालत नाही, कारण तिला माझ्यापेक्षा जास्त कामं असतात. ती सकाळीच बाजारात जाऊन कैऱ्या घेऊन आली होती. आता पाऊस पडला की कैरीला पाड लागतो, अन् वर्षभर लोणचं नाही. तिनं पाट मांडला, परात ठेवली, माळ्यावरून सुभद्रेची पितळी वाटी काढून चिंचेनं घासून लख्ख केली अन् माझ्यासमोर ठेवली.

"बाबा, माप सांगा. लिहू नोका. सांगा."

मी सांगितलं. कैरी साडेपाच, मीठ साडेतीन, मोहरी अडीच, तिखट अडीच. ती म्हणाली, थांबा, माझ्या डोक्यात राहत नाही, मोहरी किती? मी परत सांगितलं. ती परत विसरली. मग ती पोरगी मान खाली घालून गुणगुणायला लागली. हरिभाऊचीच चाल! "कैरी घट्ट घ्यावी, किलो साडेपाच. मीठ जाडं घ्यावं, वाट्या साडेतीन."

मला राग आला. पण बसत होतं. चालीत तंतोतंत बसत होतं. मोहरीपाशी ती अडली तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "मोहरीची डाळ, वाट्या अडीच." वाटी माझ्या हातात होती. मी मापत गेलो अन् आम्ही दोघं म्हणत गेलो. हिंगापाशी आलो तेव्हा दोघांनी हात आखडला. मी जन्मात गायलो नव्हतो. सुभद्रा असती तर म्हणाली असती, बंद करा, दूध नासंल.

सगळं कालवून झालं तेव्हा रेखानं जुनी बरणी आणली. तळाला बोटभर खार होता. तिनं विचारलं, "बाबा, हा यात टाकू का? म्हंजे आईचं यात राहीन."

मी हो म्हटलं अन् बाहेर येऊन उगाच सायकल पुसली. सायकल स्वच्छ होती.

लोणचं मुरल्यावर मी पहिली फोड घेतली. रेखा दारात उभी राहून पाहत होती. मी भाकरी संपवली अन् दुसरी मागितली. तिला काय समजायचं ते समजलं.

पुढं मी गल्लीतल्या बायांना बोलावून खरं माप सांगायला गेलो, कारण सुभद्रेचा शेवटचा शब्द तोच होता. एकीनंही लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, बुवा, संतांच्या वाणीत आपण बदल करू नये. आता दर गुरुवारी आमच्या दारासमोर ते भजन होते. मी खिडकीतून ओरडतो, "मोहरी अडीच!" आतून कोणीतरी खिडकी लावून घेते. अन् ते कोणीतरी म्हणजे रेखा.

पुस्तिका संपल्या, दुसऱ्यांदा छापायचं ठरलं. मी धावत रहीमभाईकडे गेलो, म्हटलं, आता अक्षरात छाप, साडेपाच, साडेतीन, अडीच, जे मॅडम म्हणत होत्या तेच. रहीमभाई खाली मान घालून बोलला, चाचा, हरिभाऊ सर आधीच येऊन गेले, पान तसंच ठेवायचं म्हणाले, वर एक प्रस्तावना दिली. अन् त्यानं छापलेलं पान माझ्या पुढं केलं. त्यात लिहिलं होतं: "या थोर बाईला तिचे पती कधीही ओळखू शकले नाहीत. ते जन्मभर नुसती मापं मोजत बसले."

मी उजव्या कडेवरून बोट वरून खाली नेलं. मग एकेक अक्षर वाचलं. पुस्तकभरात तेवढ्याच दोन ओळींत एकही चूक नव्हती.